दरडी, भूकंप आणि आपण: भूशास्त्रीय आपत्तींच्या संशोधन-अध्यापनात उतरू पाहणाऱ्यांसाठी

"मॅडम, मला दरडींवर काम करायचंय. सुरुवात कुठून करू?"

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. त्या पावसाळ्यात हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला, तितका आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून विचारला गेला नसेल. विचारणाऱ्यांत बीएस्सीची मुलं होती, सिव्हिल इंजिनिअर होते, भूगोलाच्या एक शिक्षिका होत्या. प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. इथे सगळं एकत्र, सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. या क्षेत्रात ज्यांचं काम टिकलं, ते बहुतेक एका प्रदेशाला चिकटून राहिले. कोयनेचंच घ्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली. धरणाच्या जलाशयामुळे भूकंप होऊ शकतात का, हा प्रश्न त्यानंतर जगभर गाजला. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता यांनी हा प्रश्न तरुणपणी हाती घेतला आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षं तो सोडला नाही. २०१७ साली कोयना परिसरात तीन किलोमीटर खोलीची प्रायोगिक विंधनविहीर पूर्ण झाली, कराडला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. एवढं काम उभं राहतं ते एकाच जागेवर दशकानुदशकं टिकून राहिल्यामुळे. तुमच्या वाट्याला कोयना येईलच असं नाही. एखादा घाट, एखादं नदीखोरं, एखादा तालुका पुरतो.

आधी दोन शब्द नीट लावून घ्या

धोका आणि जोखीम हे दोन शब्द आपण बोलताना सरमिसळ करतो. अभ्यासात ते वेगळे ठेवावे लागतात. निर्जन कड्यावरून दगड सुटणं हा धोका. त्याच कड्याखाली वस्ती असेल, तर जोखीम. त्या वस्तीतली घरं कशाची आहेत, रात्री बाहेर पडायला वाट आहे का, म्हातारी माणसं किती, यावर ती जोखीम किती मोठी ते ठरतं.

किल्लारीचा भूकंप याचं सगळ्यात जळजळीत उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. भूकंपाची तीव्रता ६.२. जपानमध्ये एवढ्या भूकंपात अनेकदा जीवितहानी अगदी थोडी होते. इथे हजारो माणसं गेली, कारण मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यावरचं मातीचं जड धाबं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. आणि त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथे काही होत नाही, असंच सगळे धरून चालले होते.

म्हणून या विषयात येताना खडकांइतकीच घरांची आणि माणसांची उत्सुकता हवी. ती नसेल तर खनिजशास्त्र, जीवाश्मशास्त्र यांतही सुंदर काम करता येतं, तिकडे जावं.

बारावी ते बीएस्सी

बारावीला भूशास्त्र घेतलेलं नसलं तरी चालतं. गणित आणि भौतिकशास्त्र मात्र सोडू नका. उतार का घसरतो, लाटा जमिनीतून कशा जातात, हे सगळं शेवटी बलांचं गणित आहे. गणित सोडून आलेली हुशार मुलं एमएस्सीत अडखळताना मी पाहिली आहेत, आणि ती उणीव भरून काढायला त्यांना दोन-दोन वर्षं लागली.

बीएस्सीला भूशास्त्र असलेली महाविद्यालयं कमी आहेत, पण आहेत: पुण्याचं फर्ग्युसन, मुंबईचं सेंट झेवियर्स, गोव्यात धेंपे आणि चौगुले. भूशास्त्राखेरीज आणखी तीन वाटांनी इथे येता येतं. सिव्हिल इंजिनिअरिंग करून माती-खडकांच्या स्थापत्यात, भौतिकशास्त्र करून भूभौतिकीत, आणि भूगोल करून भूरूपशास्त्रात. भूगोलवाल्यांनी स्वतःला कमी लेखू नये. उतारावरची वस्ती वाचण्याची नजर त्यांच्याकडे बऱ्याचदा आमच्याहून चांगली असते.

बीएस्सीच्या तीन-चार वर्षांत दोन सवयी लावा. एक, क्षेत्रवही. रोज, हाताने, पेन्सिलीने लिहायची. फोटो काढलात तरी त्याच दृश्याचं रेखाटन करायचं, कारण रेखाटताना डोळा थांबतो आणि थर दिसतात. दुसरी, नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे ऑनलाइन मिळतात. आपल्या गावाचा नकाशा उतरवून घ्या आणि समोच्च रेषांवरून प्रत्यक्ष चालून बघा. रेषा जिथे दाटतात तिथे आपलाही दम लागतो, हे एकदा अनुभवलं की नकाशा कायमचा कळतो.

एमएस्सी आणि परीक्षांची साखळी

आयआयटींत एमएस्सीसाठी जॅम या प्रवेशपरीक्षेचा भूशास्त्राचा पेपर द्यावा लागतो. आयआयटी मुंबईत उपयोजित भूशास्त्र आणि उपयोजित भूभौतिकी दोन्ही आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, नागपूर विद्यापीठ, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आणि गोवा विद्यापीठ इथेही एमएस्सी होते. भूकंपांकडे ओढा असेल तर आयआयटी रूरकीचा भूकंप अभियांत्रिकी विभाग डोळ्यांसमोर ठेवा. हिमालयाची ओढ असेल तर डेहराडूनची वाडिया संस्था, भूभौतिकीसाठी हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था (एनजीआरआय). पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था तर आपल्या दारातच आहे.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी नेट, सेट आणि गेट यांची तयारी एकत्रच करा. अभ्यासक्रम बराच सारखा आहे. सीएसआयआर-नेटमध्ये आपला विषय पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान या नावाने येतो, त्यामुळे हवामान आणि समुद्रशास्त्रही वाचावं लागतं. मुलं ते टाळतात. टाळू नका: दरडीचा अभ्यास करणाऱ्याला पाऊस कळलाच पाहिजे. नेटमधून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं, असा आधार मिळतो. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्याही पीएचडी अधिछात्रवृत्त्या आहेत. त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा, मुदती चुकवू नका. माझ्या ओळखीच्या दोन चांगल्या मुलांची वर्षं निव्वळ जातपडताळणीच्या कागदाअभावी गेली. तो कागद बीएस्सीतच काढून ठेवा.

पीएचडी: विषय, जागा, मार्गदर्शक

इथे घाई करू नका. बहुतेकांची चूक इथेच होते.

विषय निवडताना "भूस्खलनप्रवणता नकाशा, अमुक तालुका" असं शीर्षक घेऊन विद्यार्थी येतात. म्हणजे कुठे दरड येण्याची शक्यता किती, ते दाखवणारा नकाशा. उपग्रहावरून उताराचा, वनस्पतीचा, खडकांचा डेटा घ्यायचा, संगणकाला शिकवायचं, रंगीत नकाशा काढायचा. सहा महिन्यांत शोधनिबंध होतो. मी अशा विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारते. तुमच्या नोंदीतल्या दरडी कुठून आल्या? बहुतेक वेळा रस्त्याकडेच्या असतात, कारण रस्ता अडला की बातमी होते. डोंगरातली दरड कुणी नोंदवत नाही. मग तुमचा नकाशा डोंगराचा की रस्त्याचा? दुसरा प्रश्न: तपासणीसाठी वेगळ्या ठेवलेल्या दरडी शिकवण्याच्या दरडींना अगदी लागून आहेत का? असतील तर ९० टक्के अचूकता ही फसवी आहे, कारण संगणकाने शेजारच्याचीच नक्कल केली. तपासणीसाठी अख्खं वेगळं खोरं बाजूला ठेवा, मग खरी ताकद कळेल. तिसरा: या नकाशात ज्या वस्त्या पिवळ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या आल्या, तिथे तुम्ही गेलात का?

तिसऱ्या प्रश्नाशी मी अडून बसते, त्याला कारण आहे. इर्शाळवाडीचं नाव धोकादायक गावांच्या यादीत नव्हतं. यादीत नाव नसणं म्हणजे धोका नसणं, असा अर्थ गाव काढतं आणि प्रशासनही काढतं.

चांगला विषय बहुधा एका छोट्या, खऱ्या प्रश्नातून निघतो. सह्याद्रीत बेसाल्टचे थर एकावर एक आडवे बसलेले आहेत. वर झिजून झालेला मुरूम आणि माती, खाली घट्ट काळा पाषाण. पाऊस मुरतो, पाषाणाशी येऊन अडतो आणि तिथे साठतो. मातीच्या छिद्रांतल्या पाण्याचा दाब वाढतो, कणांवरचा भार हलका होतो, घर्षण कमी होतं आणि माथा सुटतो. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे तांबड्या, भुसभुशीत मातीचा पट्टा असतो. कोरडा असताना नखाने खरवडला तर भुकटी होते. भिजल्यावर तोच बोटांत साबणासारखा सरकतो. आता प्रश्न बघा: किती तास, किती मिलिमीटर पावसानंतर हा दाब धोक्याच्या पातळीला जातो? सलग तीन दिवसांचा संततधार पाऊस घातक की एका रात्रीतली ढगफुटी? भूरूपशास्त्रज्ञ नेल केन यांनी १९८० मध्ये पावसाची तीव्रता आणि कालावधी यांवरून दरडींची जागतिक मर्यादारेषा मांडली. ती आपल्या घाटाला किती लागू पडते, हे इथला पाऊस मोजूनच सांगावं लागेल. यात पीएचडीचं भरपूर काम आहे.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावाभोवतीच्या वलयापेक्षा त्यांचे जुने विद्यार्थी गाठा. सर फील्डवर येतात का? निबंधात पहिलं नाव कुणाचं जातं? प्रकरण लिहून दिलं की किती दिवसांत परत येतं? शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात त्या विभागातले प्रबंध मोफत वाचायला मिळतात. तीन तरी वाचा. दोन प्रबंधांतलं पद्धतीचं प्रकरण शब्दशः सारखं दिसलं, तर तिथून निघा.

फील्ड

सामान थोडंच लागतं: भूशास्त्रीय हातोडा, ब्रंटन होकायंत्र, टेप, जीपीएस, नमुन्यांच्या पिशव्या, न पुसणारं मार्कर, आणि पावसात लिहिता येईल अशी वही. मजबूत बूट. जळू आवरायला तंबाखू-चुन्याची पुरचुंडी.

कसं काम करायचं ते एका जागेवरून सांगते. रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीच्या मागे उतारावर अर्धवर्तुळाकार भेग होती. आम्ही तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकल्या, वरच्या टोकाला खाच केली, आणि दोन खाचांमधलं अंतर दर आठवड्याला टेपने मोजायचं ठरवलं. यंत्र महागडं नाही, पण आकडा खरा मिळतो. पहिल्या दोन आठवड्यांत काही हाललं नाही. तिसऱ्या आठवड्यात चार मिलिमीटर. विद्यार्थ्यांना वाटलं, टेपची चूक. त्याच दिवशी शेजारच्या घरातल्या आजी ओटीवर बसून तांदूळ निवडत होत्या. त्या सहज बोलल्या, "परसातला झरा दरसाल आषाढीनंतर फुटतो गो. अवंदा ज्येष्ठातच आला, आणि पाणी गढूळ." झरा लवकर येणं म्हणजे पाणी लवकर भरलंय. गढूळ येणं म्हणजे आतली माती वाहतेय. आमच्या खुंट्या जे चार मिलिमीटरमध्ये सांगत होत्या, ते आजींनी झऱ्यावरून आधीच ओळखलं होतं. तहसील कार्यालयाला त्याच संध्याकाळी कळवलं. पुढचे पाच आठवडे ती सहा घरं रात्री शाळेत झोपली. उतार आणखी दोन हात खाली बसला आणि थांबला. कुणाला काही झालं नाही.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या क्षेत्रवहीत एक रकाना असतो: "गावाने काय सांगितलं". झरे, वाकलेली झाडं, अचानक अडकू लागलेली दारं, घराच्या चौथऱ्याला पडलेल्या भेगा, भातखाचरातून पाणी एकदम गायब होणं. यातलं प्रत्येक लक्षण तारखेसह लिहायचं.

आता सुरक्षिततेबद्दल, आणि यात तडजोड नको. मुसळधार पावसात ताज्या दरडीच्या पायथ्याशी उभं राहून नमुने घ्यायचे नाहीत. एक माणूस कायम वर बघायला ठेवायचा. १९९३ च्या जानेवारीत कोलंबियाच्या गालेरास ज्वालामुखीच्या विवरात उतरलेल्या पथकातले सहा शास्त्रज्ञ स्फोटात गेले. मुलींना फील्डवर पाठवताना राहायची जागा, स्वच्छतागृह आणि परतीचं वाहन आधी ठरवा. जिल्हा परिषदेच्या शाळेची खोली आणि गावातल्या एखाद्या ताईंच्या घरचं जेवण, ही माझी वर्षानुवर्षांची सोय आहे. आणि ड्रोन उडवायचा तर परवानगी घेऊनच.

संगणकाचं काम

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे, तिथून सुरुवात करा. पायथन शिका. भूकंपाकडे जाणाऱ्यांनी ऑब्स्पाय नावाची पायथन लायब्ररी शिकावी. सेंटिनेल-१ उपग्रहाचा रडार डेटा फुकट मिळतो आणि त्यातून जमिनीची सेंटिमीटरपेक्षाही कमी हालचाल मोजता येते. मात्र सह्याद्रीच्या दाट झाडीत आणि पावसाळ्यात त्या मोजणीला मर्यादा येतात, हे निबंधात प्रामाणिकपणे लिहा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर भूशास्त्रीय नकाशे आहेत, हवामान खात्याचा जाळीबद्ध पर्जन्य डेटाही मिळतो. एवढं अवगत करायला एक वर्ष पुरतं.

निबंध, पोस्टडॉक, परदेश

पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून लांब राहा. निवड समितीत बसलेल्या माणसाला ती नावं पाठ असतात. जर्नल ऑफ द जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया, करंट सायन्स, नॅचरल हॅझर्ड्स, लँडस्लाइड्स ही पाठवण्याजोगी ठिकाणं. पीएचडीच्या काळात दोन-तीन चांगले निबंध झाले तर पुष्कळ.

परदेशात नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाची आयटीसी, इंग्लंडचं डरहॅम, न्यूझीलंडचं कँटरबरी विद्यापीठ या विषयात भक्कम आहेत. अमेरिकेत पीएचडीला सहसा शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाच्या बदल्यात फी माफ होते आणि विद्यावेतन मिळतं, म्हणून कर्ज काढून जायची घाई करू नका. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. बाहेर जाताना आपला घाट सोडून जाऊ नका. तिथलं तंत्र शिका आणि ते वापरायला आपलीच जागा घ्या. परतल्यावर हाताशी डेटा असतो आणि ओळखीची माणसंही.

नोकरीचं खरं चित्र

हे गोड करून सांगणं बरोबर नाही. बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी आणि मग पोस्टडॉक धरला तर कायमची नोकरी लागेपर्यंत तिशी ओलांडते. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायला ५५ टक्क्यांनी एमएस्सी आणि नेट किंवा सेट लागते. जुलै २०२३ पासून यूजीसीने या पदासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अट ठेवली आणि पीएचडी ऐच्छिक केली. आयआयटी आणि संशोधन संस्थांत मात्र पीएचडी आणि त्यानंतरच्या कामाशिवाय पुढे जाता येत नाही. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७०० पासून सुरू होतं.

अडचण आहे ती जागांची. भूशास्त्राचे विभाग मोजके, भरती वर्षानुवर्षं रखडलेली. मधला काळ तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर जातो. मी दोन वर्षं एका महाविद्यालयात सीएचबीवर शिकवलं. मानधन सत्र संपल्यावर एकदम यायचं, तेही कधी दोन महिने उशिरा. सुट्टीचे पैसे नाहीत. त्या काळात खोलीभाडं भरायला मी शिकवण्या घेतल्या. तेव्हा माझ्या मनात आलं होतं ते आज प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते: सीएचबीला तीन वर्षांपेक्षा जास्त देऊ नका. त्या तीन वर्षांत दर वर्षी एक तरी निबंध आणि एक प्रकल्प प्रस्ताव व्हायलाच हवा. झालं नाही तर वाट बदला.

आणि बदलायला चांगल्या वाटा आहेत. यूपीएससीची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा देऊन १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं; देशातल्या दरडींच्या अभ्यासाची मुख्य जबाबदारी याच संस्थेवर आहे. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र, उपग्रह डेटावर काम करणारं हैदराबादचं एनआरएससी, त्सुनामीची पूर्वसूचना देणारी इन्कॉइस, रूरकीची इमारत संशोधन संस्था सीबीआरआय, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष, बोगदे-महामार्गांवर काम करणाऱ्या सल्लागार कंपन्या. यातली माणसं पुढे शिकवायला येतात तेव्हा वर्गाला त्यांचा अनुभव सोन्यासारखा असतो. प्राध्यापक व्हायचा एकच जिना आहे असं समजू नका.

शिकवणं

भूशास्त्रीय आपत्ती शिकवण्याचा एक सोपा आणि वाईट मार्ग आहे: फळ्यावर प्रकार लिहायचे, व्याख्या सांगायच्या, चार फोटो दाखवायचे. विद्यार्थी पास होतात आणि घाटातून जाताना खिडकीबाहेर काय दिसतंय ते त्यांना कळत नाही.

मी पहिल्याच तासाला पत्र्याचा एक ट्रे नेते. तळाला गुळगुळीत प्लायवूड, त्यावर गाळलेला मुरूम हाताने दाबून बसवलेला, वरच्या कडेला छिद्रं पाडलेली पाण्याची नळी. ट्रे तीस अंशांच्या आसपास कलता ठेवायचा आणि पाणी थेंब-थेंब सोडायचं. पहिली दहा मिनिटं काही होत नाही. मुलं मोबाइल काढतात. मग पायथ्याशी माती किंचित फुगते. माथ्यावर केसाएवढी भेग दिसते. तेव्हा मी पाणी बंद करते आणि विचारते, आता घसरेल का? निम्मा वर्ग नाही म्हणतो. एक-दोन मिनिटांत अख्खा उतार सरकून खाली येतो. पाऊस थांबल्यावरही दरड का येते, हे त्या दिवशी समजतं आणि विसरलं जात नाही. घर्षणकोन आणि सुरक्षा गुणांक (उतार धरून ठेवणारं बल आणि खाली ओढणारं बल यांचं गुणोत्तर) त्यानंतर शिकवायचे. आता त्या समीकरणातल्या प्रत्येक अक्षराला वर्गाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट, माळीण प्रत्येक वर्षी शिकवा. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं हे गाव डोंगराखाली गेलं, १५१ माणसं मेली. सकाळच्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, म्हणून बाहेर कळलं. मुलांना मी सांगते: त्या आधीच्या दिवसांचा पाऊस, उताराचा नकाशा, उतारावरची सपाटीकरणं आणि शेतीतले बदल हे सगळं गोळा करा आणि दोन गट करून मांडा, कोणतं कारण किती. वाद होतो. दोन्ही बाजूंकडे पुरावे असतात. एका कारणावर बोट ठेवून मोकळं होता येत नाही, हे मुलं स्वतःच्याच वादातून शिकतात.

परीक्षेत शेवटचा प्रश्न मी नेहमी एकच ठेवते: "तुमच्या गावच्या सरपंचांना दहा ओळींत, मराठीत, कळवा की पाऊस वाढला तर काय पाहायचं." उत्तम गुण मिळवणारी मुलं इथे अडखळतात. इंग्रजीत शिकलेलं मराठीत सांगता येत नाही, कारण ते पुरतं समजलेलं नसतं.

गावाशी आणि प्रशासनाशी बोलणं

६ एप्रिल २००९ ला इटलीतल्या लाक्विला शहराला भूकंपाने उद्ध्वस्त केलं, ३०९ माणसं गेली. त्याआधी काही महिने छोटे धक्के चालू होते. भूकंपाच्या सहा दिवस आधी तज्ज्ञांची बैठक झाली. छोट्या धक्क्यांतून ऊर्जा निघून जाते म्हणून हे चांगलंच आहे, असं एका अधिकाऱ्याने वाहिनीवर सांगितलं. लोक निर्धास्त झाले. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि त्या अधिकाऱ्याला सदोष मनुष्यवधाखाली सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ च्या अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली.

हे दूरचं वाटत असेल तर डहाणू-तलासरीकडे पाहा. नोव्हेंबर २०१८ पासून तिथे छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि लोकांनी एकच प्रश्न विचारला: मोठा येणार का? तारीख-वेळ सांगणारा भूकंपाचा अंदाज विज्ञानाला आज देता येत नाही. हे स्पष्ट सांगा. पण तिथेच थांबू नका. भिंतीतल्या भेगा दाखवायला सांगा, जड वस्तू कुठे ठेवायच्या ते दाखवा, रात्री दाराशी काय असू नये ते बोला. "काळजी करू नका" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. लोकांना धीर हवा असतो आणि आपल्यालाही तो द्यावासा वाटतो, म्हणून हा मोह फार मोठा आहे. तरीही नाही.

अहवाल देताना एक पानी मराठी सारांश जोडा: कोणती घरं, कोणत्या पावसाला, कुठे हलवायची. तो स्वतः जाऊन तहसीलदारांच्या हातात द्या आणि पोच घ्या. कोलंबियात नेवादो देल रुईझ ज्वालामुखीचा धोका दाखवणारा नकाशा ऑक्टोबर १९८५ मध्ये तयार होता. १३ नोव्हेंबरच्या रात्री चिखलाचा लोट आला आणि आर्मेरो शहर गाडलं गेलं. एकूण २३ हजारांच्या आसपास माणसं गेली. नकाशात ते शहर धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेलं होतं.

या जूनमध्ये काय करायचं

तुम्ही बीएस्सीला असाल किंवा नुकती एमएस्सी संपवली असेल, तर वाट पाहायची गरज नाही. घरापासून तासाभराच्या अंतरावरचा एक उतार निवडा, ज्याच्याखाली वस्ती आहे. पाच लिटरचा सरळ कडांचा डबा, आत पट्टी लावलेली, उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजा. हवामान खात्याची नोंदही त्याच वेळची असते, म्हणून जुळवता येते. दर रविवारी ठरलेल्या चार जागांवरून फोटो घ्या. उतारावर भेग दिसली तर खुंट्या ठोका. वाडीतल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा, मागे कधी डोंगर खाली आला होता, कोणत्या साली, कोणत्या बाजूने. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा.

सप्टेंबर संपला की ती वही घेऊन कुठल्याही चांगल्या विभागातल्या प्राध्यापकांना भेटायला जा. माझ्याकडे कुणी अशी वही घेऊन आलं, तर मी आधी चहा सांगते आणि मग पहिल्या पानापासून वाचायला बसते.